म्युझिक प्लेअरवर रॉकबॉक्स पोर्ट करायचंय, कुठून सुरू करू?

गंजका_स्क्रू

मंडळी नमस्कार.

जुन्या बाजारातून एक छोटा म्युझिक प्लेअर उचलला. डब्यावर जे नाव आहे ते नेटवर कुठेच सापडत नाही, त्यामुळे ते सांगून उपयोग नाही. आवाज खरंच छान आहे, बटणंही दणकट. वैताग आहे तो आतल्या सॉफ्टवेअरचा. दोन फाइलींच्या मध्ये क्षणभर शांतता पसरते. मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल, आलाप एका फाइलीत आणि बंदिश दुसरीत, तर ऐन मोक्यावर गचका. देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. बंद करून चालू केला की पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात.

रॉकबॉक्स नावाचं मुक्तस्रोत फर्मवेअर टाकलं की हे सगळे त्रास जातात असं वाचलं. पण त्यांच्या यादीत माझा प्लेअर नाही. सी येतं, ऑर्डुइनोवर बरेच उद्योग केलेत, सोल्डरिंग जमतं. स्वतः पोर्ट करायचं, म्हणजे माझ्या प्लेअरवर चालेल असं ते जुळवून घ्यायचं, तर सुरुवात कुठून करायची आणि किती वेळ धरायचा? इथे कोणी केलंय का?

निवांत_नाना

मोबाइल आहे ना तुमच्याकडे? मग?

खवट_आजोबा

नाना, हा प्रश्न पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत राखून ठेवायचा असतो. पहिल्याच चेंडूवर विकेट काय घेताय.

रजिस्टर_पाटील

स्क्रूभाऊ, मागचं झाकण उघडलंस का? सगळ्यात मोठ्या चिपवर काय लिहिलंय ते वाचून सांग. तोवर सगळे सल्ले हवेतले.

सी लिहिणं हा भाग फार नंतर येतो. आधी तीन गोष्टी बघायच्या. प्रोसेसर कुठला, त्याची कागदपत्रं मिळतात का, आणि त्यावर आपला कोड चालवायला दार उघडं आहे का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या दोनांना काही अर्थ नाही.

रॉकबॉक्सची सुरुवातच बघ. २००१ च्या शेवटी स्वीडनमध्ये ब्यॉर्न स्टेनबर्ग, लिनस नील्सन फेल्टसिंग आणि डॅनियल स्टेनबर्ग यांनी आर्कोसच्या ज्यूकबॉक्स प्लेअरसाठी ते लिहायला घेतलं. (डॅनियल म्हणजे नेटवरून फाइली आणणारं कर्ल हे टूल लिहिणारा तोच. ब्यॉर्न त्याचा भाऊ.) त्या प्लेअरमध्ये हिताचीचा एसएच-१ प्रोसेसर, वेग १२ मेगाहर्ट्झच्या आसपास, रॅम २ एमबी. एमपी३ उलगडायला वेगळी चिप होती म्हणून तेवढ्यात भागलं. आणि दार सताड उघडं होतं! चालू होताना तो प्लेअर हार्डडिस्कवर ठरावीक नावाची फाइल शोधायचा, सापडली तर तीच चालवायचा. फाइल पुसली की कंपनीचं सॉफ्टवेअर परत. फाइलीतले बाइट थोडे उलटसुलट केलेले असत, ती खोड उमगली की झालं. रॉकबॉक्सच्या कोडमधलं 'स्क्रॅम्बल' नावाचं टूल तेव्हापासूनचं.

तुझ्या प्लेअरमध्ये तसं काही असेल तर तू नशीबवान.

काळी_चार

थोडं अवांतर, पण राहवत नाही.

माझ्याकडे सान्सा क्लिप+ हा छोटा प्लेअर आहे, रॉकबॉक्स टाकलेला. गाणं शिकणाऱ्यांनी त्यातला पिचचा स्क्रीन एकदा वापरून बघावाच. जुनी रेकॉर्डिंग्ज बऱ्याचदा धड काळी तीनही नसतात आणि काळी चारही नसतात, मधेच कुठेतरी लटकलेली. माझा तानपुरा काळी चारला लावलेला. त्या स्क्रीनवर अर्ध्या सुराने किंवा त्याहून बारीक पायरीने पट्टी सरकवता येते. टाइमस्ट्रेच चालू ठेवलं की पट्टी बदलली तरी लय तीच राहते. शिवाय ए-बी रिपीट: तानेच्या सुरुवातीला एक खूण, समेवर दुसरी, आणि तेवढाच तुकडा ती घशात बसेपर्यंत फिरवायचा.

आणि हो, मैफिलीत गचका बसत नाही. फ्लॅक फाइल असो वा लेम या एन्कोडरने बनवलेली एमपी३, एका फाइलीतून दुसरीत जाताना कळतही नाही.

निवांत_नाना

ताई, हे सगळं करणारी अॅप मोबाइलवर फुकट आहेत.

काळी_चार

आहेत ना. पण मोबाइलवर तान घोळत असताना मधेच "सर, पर्सनल लोन हवंय का" हेही ऐकू येतं. आणि 'सर' म्हणतात.

खवट_आजोबा

=)) =))

वोल्फसन_भक्त

आयपॉड व्हिडिओ, पाचवी पिढी. आत आवाजाची वोल्फसन कंपनीची चिप, वर रॉकबॉक्स, हार्डडिस्क काढून एसडी कार्डाचा अडॅप्टर बसवलाय. असा उबदार आवाज कुठलाही मोबाइल देणार नाही. ज्यांना फरक कळत नाही त्यांच्याशी वाद घालत नाही.

अर्धा_कप

उबदार तर माझा मोबाइलही असतो, चार्जिंगला लावला की.

डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन्हीकडचा आवाज सारख्या पातळीवर ठेवून ओळखून दाखवा, मग बोलू. धाग्याचं काश्मीर करायचं नाहीये, म्हणून थांबतो.

रजिस्टर_पाटील

दोघांनीही थांबा. स्क्रूभाऊचा प्रश्न पोर्टिंगचा आहे.

बे_एरियातला_बाब्या

पाटलांच्या 'दारा'वरून आठवलेली गोष्ट सांगतो.

सुरुवातीच्या आयपॉडांचं फर्मवेअर डिस्कच्या पहिल्या पार्टिशनमध्ये उघडंच पडलेलं असे, कूटबद्ध वगैरे काही नाही. त्यामुळे आयपॉडवर लिनक्स चालवणारे आयपॉडलिनक्सवाले आधी शिरले आणि त्यांनी शोधलेल्या गोष्टींवर रॉकबॉक्सने आपला पोर्ट उभा केला. चौथ्या पिढीच्या आयपॉडला मात्र ते अडले. हार्डवेअर बदललेलं, आणि कसं ते समजून घ्यायला आतल्या रॉममधला कोड हवा होता. कोड चालवता येत होता, पण वाचलेलं बाहेर आणणार कसं? ना स्क्रीन चालत होता ना यूएसबी. चाक फिरवलं की टिकटिक करणारा एक पिझो तेवढा वाजवता येत होता. तर एका जर्मन विद्यार्थ्याने रॉममधले बिट एकेक करून त्या टिकटिकीतून वाजवले, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आयपॉड एका खोक्यात ठेवला, माइकने रेकॉर्ड केलं आणि रेकॉर्डिंगवरून बाइट परत जुळवले. २००५ सालची गोष्ट. ऑफिसात कोणी 'डीबग पोर्ट नाहीये' म्हणून रडायला लागलं की मी हीच ऐकवतो.

पुढे दुसऱ्या पिढीच्या नॅनोपासून (२००६) फर्मवेअर कूटबद्ध झालं आणि दार बंद. ते उघडायला २००९ उजाडलं. तेही कुठून, तर नोट्समधून! खास बनवलेली मजकुराची फाइल उघडली की नोट्सचा बफर भरून वाहायचा आणि प्रोसेसर आपल्या कोडवर उडी मारायचा.

तुकड्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नोट्सची फाइल वाचून प्लेअर हातात येतो हे भारी आहे राव.

मसुदा_वकील

हे कायद्यात बसतं का? विचारून ठेवतो.

बे_एरियातला_बाब्या

रॉकबॉक्स स्वतः जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. कंपनीचा कोड त्यात उचलत नाहीत, हार्डवेअर कसं वागतं तेवढं समजून घेऊन स्वतःचा लिहितात. कंपनीची फर्मवेअर फाइल मात्र कंपनीची. ती स्वतः वाटू नका, ज्याने त्याने अधिकृत ठिकाणाहून उतरवावी.

गंजका_स्क्रू

झाकण उघडलं. मोठी चिप एकच आहे आणि तिच्यावरचं नाव घासून काढलंय! भिंगातून बघितलं, तिरपा टॉर्च मारला, नुसते ओरखडे. शेजारी आठ पायांची एक बारकी चिप आहे, तिच्यावरही काही नाही.

विक्रेत्याकडून फर्मवेअर अपडेटची फाइल मात्र मिळाली.

रजिस्टर_पाटील

नाव घासलेलं म्हणजे बनवणाऱ्याला ते कळू द्यायचं नव्हतं. अपडेटची फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणारा प्रोग्रॅम) उघड. वाचता येण्याजोगे शब्द दिसतात का बघ: मेनूतली वाक्यं, एरर, चिपचं नाव. शून्यांचे लांबलचक पट्टे दिसले तरी चांगलं लक्षण. आणि प्लेअर बंद असताना एखादं बटण दाबून धरून यूएसबीला लाव, संगणकाला वेगळंच काही उपकरण दिसतं का? प्रत्येक बटण करून बघ.

तोवर दार उघडलं असं समजून पुढचं सांगतो, वेळेचं विचारलं होतंस म्हणून.

पहिला कोड काय करतो? बॅकलाइट लावतो. बास. तो लागला की लोक पार्टी करतात. कारण तेवढ्यासाठीसुद्धा मूळ फर्मवेअर डिसअसेंबल करून (प्रोसेसरच्या कमांड वाचता येतील अशा रूपात आणून) कुठल्या पत्त्यावर काय लिहिलं जातं ते हुडकावं लागतं. मग क्लॉक, मग रॅम जागी करणं, मग एलसीडी. एलसीडीला सुरुवातीला पाठवायच्या कमांडची माळ मूळ फर्मवेअर काय पाठवतं ते बघून जशीच्या तशी धाडायची. स्क्रीनवर अक्षर उमटलं की अर्धा जीव भांड्यात, कारण आता प्रोसेसर काय म्हणतोय ते दिसतं. बटणं सोपी.

मग येतं स्टोरेज. सगळं कार्डावर असेल तर सुटलास. आतली नँड फ्लॅश असेल तर रडशील. फ्लॅशचे ब्लॉक झिजतात, म्हणून सॉफ्टवेअर माहिती सतत नव्या ब्लॉकांवर हलवत असतं, आणि कुठला सेक्टर आत्ता कुठे आहे याचा तक्ता ज्याचा त्याचा वेगळा. तो वाचता आला नाही तर फाइली दिसत नाहीत. लिहिताना बिघडला तर सगळंच गेलं. म्हणून असे ड्रायव्हर आधी फक्त वाचणारे लिहितात. काळी_चार ताईंच्या क्लिप+ मध्ये आतली मेमरीसुद्धा एसडी कार्डासारखीच बोलते, म्हणून तिथे ही कटकट नव्हती.

आवाज त्यानंतर. डॅकला (आकड्यांचा आवाज करणारी चिप) आयटूसी या तारांवरून आवाजाची पातळी वगैरे सांगायची, आवाजाचे सँपल आयटूएस या दुसऱ्या तारांवरून डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, पुरवायचे. बफर वेळेत भरला नाही की तडतड. शेवटी यूएसबी आणि बॅटरी. बॅटरीसाठी रॉकबॉक्समध्ये प्लगइनच आहे: पूर्ण चार्ज करून गाणी लावून द्यायची, प्लेअर बंद पडेपर्यंत ते व्होल्टेज नोंदवत राहतं, त्यावरून टक्केवारीचा तक्ता बनवायचा.

कोडेक, मेनू, थीम, इक्वलायझर, डूम, हे सगळं आयतं मिळतं. तुझ्या वाट्याला खालचा थर येतो. माहितीतली चिप, मिळणारी कागदपत्रं आणि उघडं दार असेल तर संध्याकाळचे दोन-दोन तास देऊन काही महिने. यातलं एक जरी नसलं तरी अंदाज सांगणारा थापा मारतोय.

स्पर्शज्ञ

रॉकबॉक्सबद्दल कुठेही निघालं की मी एक गोष्ट सांगतोच. मी दृष्टिहीन आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. बाजारातल्या साध्या प्लेअरमध्ये आमच्यासाठी काही नसतं. बटण किती वेळा दाबलं ते मोजत बसायचं, आणि एखादा दाब हुकला की पुन्हा पहिल्यापासून.

रॉकबॉक्सचा अख्खा मेनू बोलतो. बॅटरी किती उरली तेही सांगतो. फाइलींची नावं अक्षर-अक्षर वाचून दाखवतो, नाहीतर प्रत्येक फोल्डरसाठी आवाजाची छोटी फाइल ठेवता येते. माझ्या फोल्डरांची नावं मुलीच्या आवाजात आहेत. "बाबा, नाट्यसंगीत." "बाबा, हे कालचं कीर्तन, अर्धंच ऐकलंय." बुकमार्क असल्यामुळे कीर्तन अर्ध्यावरून पुढे चालू होतं.

स्क्रूभाऊ, त्यामुळे तुमचे देवनागरी चौकोन मला कधी दिसलेच नाहीत. :)

काळी_चार

स्पर्शज्ञ काका, "अर्धंच ऐकलंय" हे नाव फारच आवडलं.

निवांत_नाना

बरं, मोबाइलवाला मुद्दा मागे घेतो. निदान अर्धा.

गंजका_स्क्रू

अपडेटची फाइल उघडली. सुरुवातीचे थोडे बाइट सोडले तर वाचता येण्यासारखा एकही शब्द नाही. शून्यांचे पट्टे नाहीत. झिप करून बघितली तर तसूभरही लहान होत नाही. प्रत्येक बटण दाबून यूएसबीला लावलं, कधी नेहमीची डिस्क दिसते, नाहीतर काहीच नाही.

रजिस्टर_पाटील

लहान होत नाही म्हणजे आतला मजकूर कूटबद्ध तरी आहे, नाहीतर घट्ट आवळलेला. चिपचं नाव नाही, कागद नाहीत, रिकव्हरी मोड सापडत नाही. हा प्लेअर सोड. तू हुशार आहेस की नाही याचा इथे संबंधच नाही. या तिन्ही गोष्टी नसलेलं यंत्र जगातल्या चांगल्या चांगल्यांनी सोडलंय.

पोर्टच करायचा असेल तर यंत्र त्या हिशोबाने निवड. इन्जेनिकच्या एक्स१००० चं उदाहरण घे. फिओ एम३के मध्ये ती आहे, रॉकबॉक्सचा तिच्यावरचा पोर्ट २०२१ चा. या चिपच्या बूट रॉममध्येच यूएसबीवरून कोड घ्यायची सोय आहे. फ्लॅश पार कोरी झाली तरी यंत्र मरत नाही. शिकायला असं काहीतरी हवं. दुसरा मार्ग म्हणजे आत लिनक्स असलेले प्लेअर, सोनीचे काही वॉकमन आहेत तसे. तिथे कंपनीचा कर्नल खाली तसाच ठेवतात आणि रॉकबॉक्स वर एक प्रोग्रॅम म्हणून चालतं. एलसीडी आणि फ्लॅशची मारामारीच नाही.

तुकड्या

पाटील, मग क्लिप+ मध्ये दार कसं उघडलं? ते तर कंपनीने बंद ठेवलं असेल ना?

रजिस्टर_पाटील

बंद नव्हतं, अडचण होती ती जागेची. फाइलीवर साधा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायची बेरीज), तो पुन्हा काढता येतो. पण फर्मवेअरसाठी ठरलेली जागा कंपनीच्या कोडनेच जवळपास भरलेली, आपला बूटलोडर (चालू होताना बाकीचं सॉफ्टवेअर उठवणारा छोटा प्रोग्रॅम) ठेवणार कुठे? मग पोरांनी कंपनीचंच फर्मवेअर आवळून लहान केलं आणि उरलेल्या जागेत रॉकबॉक्सचा बूटलोडर बसवला. चालू करताना डावं बटण धरलं की मूळ सॉफ्टवेअर उलगडून चालतं, नाहीतर रॉकबॉक्स. मला स्वतःला सगळ्या पोर्टांमध्ये ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते.

खवट_आजोबा

सगळे तांत्रिक बोलतायत, पण स्क्रूच्या तीन तक्रारींपैकी एकीकडे कोणाचंच लक्ष नाही. गचका जातो, बरोबर. जागा लक्षात राहते, बरोबर. देवनागरीचं काय? मी माझ्या प्लेअरवर युनिफॉन्ट (जगभरच्या लिप्यांचा फॉन्ट) लावून बघितलंय. चौकोन जातात, अक्षरं येतात, पण 'विठ्ठल'ची पहिली वेलांटी 'व'च्या मागे यायची ती पुढे जाऊन उभी राहते. जोडाक्षर जुळत नाही, पाय मोडलेला 'ठ' आणि त्याच्या शेजारी दुसरा 'ठ'. पोर्ट केला असता तरी हे तसंच राहिलं असतं.

बे_एरियातला_बाब्या

आजोबा बरोबर बोलतायत. रॉकबॉक्समध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आहे, अरबी अक्षरं जोडण्याचीही आहे. भारतीय लिप्यांची जुळणी नाही. संगणकावर ते काम हार्फबझसारखी लायब्ररी करते, ती इथे आणणं जड जाईल. पहिल्या सान्सा क्लिपला रॅम किती होती माहितीये? २ एमबी.

अर्धा_कप

मग रोमनमध्ये नावं द्या आणि मोकळे व्हा. इतकी वर्षं तेच करतोय.

स्पर्शज्ञ

रोमनमधलं नाव इंग्रजी आवाजात वाचलं की 'अभंग'चा जो काही उच्चार होतो, तो एकदा ऐका. मग बोला.

रजिस्टर_पाटील

अख्खं हार्फबझ कशाला? अरबीचं जमलं ते का, ते बघा. अरबी अक्षराच्या सुरुवातीच्या, मधल्या, शेवटच्या रूपांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहेत, म्हणून एक तक्ता लावून अदलाबदल केली की भागतं. देवनागरी जोडाक्षरांना तसे क्रमांक नाहीत. पण युनिकोडने खाजगी वापरासाठी राखून ठेवलेली जागा आहे की. नेहमीची जोडाक्षरं बिटमॅप फॉन्टमध्ये तिथे काढायची, दाखवण्याआधी क्ष, त्र, ठ्ठ वगैरे तुकडे ओळखून तो क्रमांक घालायचा, आणि पहिली वेलांटी उचलून मागे ठेवायची. तक्त्यात नसलेलं जोडाक्षर पाय मोडूनच दिसेल. दिसू दे. वाचता येतं.

स्क्रूभाऊ, सी येतं म्हणालास ना? याला प्लेअरच लागत नाही. रॉकबॉक्सचा सिम्युलेटर संगणकावर चालतो. कॉन्फिगर चालवताना यंत्र निवड, मग सिम्युलेटर निवड, बिल्ड कर. खिडकीत प्लेअरचा स्क्रीन उघडतो, गाणी 'सिमडिस्क' फोल्डरात टाकायची.

बे_एरियातला_बाब्या

कल्पना चालेल, पण खाजगी जागा वापरली की फॉन्ट आणि कोड एकमेकांना बांधले जातात. दुसरा फॉन्ट लावला की परत चौकोन. मूळ प्रकल्पात असा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, घेतील का, ते आधी त्यांच्या आयआरसी चॅटवर विचारून घ्या.

रजिस्टर_पाटील

मान्य. पण वेलांटीचा क्रम बदलणं फॉन्टवर अवलंबून नाही. तो पॅच वेगळा ठेवायचा आणि पहिला तोच पाठवायचा.

गंजका_स्क्रू

पटलं. प्लेअरचं झाकण परत लावून टाकलंय, आहे तसा वापरीन. सिम्युलेटर बिल्ड करायला घेतोय, तो एसडीएल ही लायब्ररी मागतोय. ती बसवली की झालं का? प्रोसेसरसाठीचा वेगळा कंपायलर पण लागेल?

रजिस्टर_पाटील

सिम्युलेटरला नाही लागत, संगणकाचा नेहमीचा कंपायलर जीसीसी पुरतो. वेगळा कंपायलर खऱ्या यंत्रासाठी. त्याची स्क्रिप्ट कोडबरोबरच येते, पण ती चालवलीस की संगणक बराच वेळ अडकून राहील, आत्ता नको.

काळी_चार

तपासायला माझ्या फाइलींची नावं देऊ का? त्र्यंबक, ज्ञानोबा, कृष्ण, उद्धव, मर्म, सगळं आहे.

रजिस्टर_पाटील

द्या ताई. पण सुरुवात 'विठ्ठल'पासूनच. त्र्यंबक दुसऱ्या महिन्यात.

खवट_आजोबा

त्यात 'आचार्यांचे' आणि 'आचाऱ्यांचे' ही दोन नावं घाला. दोन्ही सारखी दिसली तर पॅच नापास.

तुकड्या

आजोबा, आचाऱ्यांचं गाणं कुठलं हो?

खवट_आजोबा

लग्नात जेवायला बसलास की कान दे.